सहलीनंतर चार महिन्यांनी वसुलीचा फोन: ओळख कुठून गळली आणि आता काय करायचं

फेब्रुवारीत आम्ही घरचे बावीस जण तारकर्लीला जाऊन आलो. जूनमध्ये मामांना पहिला फोन आला, "तुमचे दोन हप्ते थकलेत." मामा निवृत्त शिक्षक. आयुष्यात एकच कर्ज काढलं, घराचं, आणि तेही मुदतीआधी फेडलं. राँग नंबर असेल म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला आला आणि समोरच्याने त्यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि घरचा पत्ता वाचून दाखवला. त्या रात्री मामा झोपले नाहीत. मामीने मला फोन केला, कारण घरातल्या सगळ्या सहलींची तिकिटं आणि बुकिंगं मीच करते.

त्यानंतर वर्षभरात असाच किस्सा मी आणखी चार ठिकाणी ऐकला. कुणी अष्टविनायक करून आलं होतं, कुणी काशीला जाऊन आलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपला फोन हॅक झाला किंवा बँकेतून माहिती फुटली. सहलीचा विचार कुणाच्याच मनात येत नाही, कारण मध्ये चार महिने गेलेले असतात. गळती फेब्रुवारीत होते आणि ओल जूनमध्ये दिसते. म्हणून मी उलट्या क्रमाने लिहिते: आधी काय दिसलं तर काय तपासायचं, मग ते मुळात गेलं कुठून.

न काढलेल्या कर्जाचा फोन आला तर

फोनवर काहीही कबूल करू नका आणि एक रुपयाही भरू नका. "थोडे भरून टाका, प्रकरण मिटेल" असं वसुलीवाला सांगतो आणि घाबरलेला माणूस भरतो. एकदा हप्ता भरला की कर्ज तुमचं नाही हे पुढे पटवून देणं अवघड जातं. कंपनीचं नाव, कर्जाचा क्रमांक आणि फोन करणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि फोन ठेवा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. मामांना हे कळल्यावर निम्मी भीती गेली. रात्री साडेनऊला धमकावणाऱ्या माणसाकडेच अधिकार नव्हता, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

मग क्रेडिट रिपोर्ट काढा, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद. आपल्याकडे चार कंपन्या हे रेकॉर्ड ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. २०१७ पासून या चौघींनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. थेट त्यांच्या साइटवर जाऊन काढा. 'स्कोअर फ्री बघा' म्हणणाऱ्या कुठल्याही ॲपला पॅन आणि मोबाइल नंबर द्यायची ही वेळ नव्हे. चारही रिपोर्ट काढा, कारण प्रत्येक कर्जदाता चौघींनाही एकाच वेळी कळवतो असं नसतं. मामांच्या पहिल्या रिपोर्टमध्ये काहीच नव्हतं, दुसऱ्यात १८,००० रुपयांचं कर्ज होतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतक्या जणांनी बोलून दाखवली की वेगळं सांगावंसं वाटलं.

रिपोर्टात बहुतेक लोक फक्त कर्जांची यादी बघतात. खरी उपयोगाची जागा शेवटी असते, 'एन्क्वायरी'. तुमच्या नावावर कर्ज मागायला कोण कधी आलं, ते तिथे तारखेसह असतं. नाकारलेली मागणीसुद्धा तिथे दिसते. मामांच्या नावावर मार्चच्या एकाच आठवड्यात दोन ठिकाणी विचारणा झाली होती. त्यातली एक फसली, एक यशस्वी झाली. कुणी कितव्या तारखेला प्रयत्न सुरू केले हे कळलं की त्याआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत कागद कुठे कुठे दिले, ते आठवायला सोपं जातं.

नंतर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र, ईमेलने. रडगाणं नको, चार गोष्टी मागा: कर्जाचा मूळ अर्ज, केवायसीसाठी घेतलेल्या कागदांच्या प्रती, पैसे ज्या बँक खात्यात गेले त्याचा तपशील, आणि अर्जात दिलेला मोबाइल नंबर. मला वाटतं या सगळ्या प्रक्रियेत खातं ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेलेले असतात, आणि "हे खातं माझं नाही" हे सिद्ध करणं "हे कर्ज माझं नाही" हे सिद्ध करण्यापेक्षा खूप सोपं आहे. त्याच पत्राची प्रत क्रेडिट रिपोर्टच्या कंपनीकडे वादाची नोंद करताना जोडा. त्यांनी ३० दिवसांत निकाल लावायचा असतो. एप्रिल २०२४ पासून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पत्ता सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील तर पोर्टल उघडत बसू नका, आधी १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आले तर मिळतात, आणि ते तासांवर अवलंबून असतं. पैसे गेले नसतील, फक्त ओळख वापरली गेली असेल, तरी तक्रार करायची. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी प्रमाणे गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी नंबर १४४४८.

मामांच्या बाबतीत कंपनीने तीन आठवड्यांनी केवायसीची प्रत पाठवली. आधार आणि पॅन दोन्ही होते. झेरॉक्स नव्हती, मोबाइलवर काढलेला फोटो होता. आणि त्या फोटोच्या कडेला मामीच्या जेवणाच्या टेबलावरचं निळ्या फुलांचं प्लॅस्टिक दिसत होतं.

गळतीची जागा

तो फोटो मी ओळखला. जानेवारीत मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं, "सगळ्यांनी आधारचे फोटो टाका, बुकिंगला लागतील." मुक्कामाच्या जागेच्या मॅनेजरने पॅनही मागितलं म्हणून नंतर तेही टाकायला लावलं. मामांनी जेवणाच्या टेबलावर दोन्ही कार्डं ठेवून एकच फोटो काढला. ते बावीस जणांचे फोटो मी तीन ठिकाणी पुढे पाठवले: मुक्कामाच्या मॅनेजरला, मिनीबसवाल्याला आणि स्कूबा डायव्हिंगची जागा राखून ठेवणाऱ्याला. तिघांपैकी कुणाकडून तो फोटो बाहेर गेला हे आजही आम्हाला कळलेलं नाही. कदाचित त्या तिघांपैकी कुणीच मुद्दाम काही केलं नसेल. मॅनेजरने तो रिसेप्शनवरच्या मुलाला पाठवला असेल, त्याने प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात, दुकानदाराच्या संगणकावर तो राहिला असेल. दिलेला फोटो किती हातांतून जातो, याचा हिशोब देणाऱ्याकडे कधीच नसतो.

मला सर्वांत जास्त लागलं ते नंतर. मी बसून तपासलं की हे फोटो मुळात कशासाठी लागले होते. रेल्वेचं साधं आरक्षण करताना प्रवाशाचं नाव, वय आणि लिंग एवढंच भरावं लागतं. जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी लागते, पण ती ज्याच्या खात्यातून तिकीट काढतो त्याची. प्रत्येक मावशीच्या आणि भाच्याच्या आधारचा फोटो लागत नाही. देशांतर्गत विमानालाही ओळखपत्रावर असतं तसं नाव पुरतं. बसवाल्याला एक संपर्क क्रमांक पुरतो. म्हणजे बावीस जणांची कार्डं गोळा करण्याची गरजच नव्हती. जिथे लागतात तिथे प्रत्येकाने पोचल्यावर स्वतःच्या हाताने दाखवायची. आपल्याकडे प्रत्येक कुटुंबात सहलींचं सगळं बघणारी एक व्यक्ती असते. हे वाचणारी ती व्यक्ती तुम्ही असाल, तर माझी कळकळीची विनंती आहे, ग्रुपवर कार्डं मागवू नका. नावं आणि वयं मागवा.

दाखवणं वेगळं, देणं वेगळं

टीसी तुमचं कार्ड बघतो आणि परत देतो. विमानतळाच्या दारावरचा जवानही बघतो आणि परत देतो. त्यात गळती नाही. गळती होते ती कार्डाची प्रत दुसऱ्याकडे राहते तेव्हा. हा फरक मनात पक्का बसला की निम्मे निर्णय आपोआप होतात.

लॉज आणि हॉटेलांना ओळखपत्र बघणं आणि नोंदवहीत नोंद करणं भाग असतं. पोलीस ती वही तपासतात. तिथे वाद घालू नका, काउंटरवरचा मुलगा त्याचं काम करत असतो. पण ओळखपत्र म्हणजे आधारच, असं नाही. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. मी आता परवाना पुढे करते. परवाना नसेल आणि आधारच द्यायचं असेल, तर युआयडीएआय म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नव्या आधार ॲपमध्ये हवी तेवढीच माहिती निवडून दाखवता येते, तेही शिकून घ्या.

मे २०२२ मधला गोंधळ काहींना आठवत असेल. २७ मे रोजी आधारच्या बंगळुरूच्या कार्यालयाने, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार द्या, असं पत्रक काढलं. दोनच दिवसांत, चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून, सरकारने ते मागे घेतलं आणि नेहमीची काळजी घ्या असं सांगितलं. पत्रक मागे घेतलं म्हणून मास्क्ड आधार बंद झालं असं समजणारे लोक मला भेटले आहेत. ते बंद झालेलं नाही.

पॅन मात्र मुक्कामाला देऊ नका. पॅनवर पत्ताच नसतो, त्यामुळे नोंदवहीला त्याचा उपयोग नाही. कर्ज काढणाऱ्याला मात्र पॅन हीच किल्ली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये पत्रकारांसह बऱ्याच जणांनी उघडपणे सांगितलं होतं की आपल्या पॅनवर परस्पर छोटी कर्जं दिली गेली आणि ती क्रेडिट रिपोर्टमध्येच पहिल्यांदा दिसली. आधार आणि पॅन एकाच फोटोत देणं म्हणजे दार आणि किल्ली दोन्ही देणं. पॅनवर कुणी जीएसटी नोंदणी काढली आहे का, तेही जीएसटीच्या सरकारी साइटवर पॅन टाकून शोधता येतं. नोकरदार माणसाला ते तपासायचं सुचत नाही, पण वर्षातून एकदा बघा.

झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: "फक्त मुक्कामाच्या नोंदीसाठी", जागेचं नाव, तारीख, सही. कोपऱ्यात नाही, फोटोवरून आणि नंबरवरून जाईल असं. कोपऱ्यातलं कापता येतं. फोटो पाठवायचा असेल तर मोबाइलमध्येच त्यावर अक्षरं टाकून मग पाठवा. याने चोरी शंभर टक्के थांबते असं नाही. पण 'तारकर्ली मुक्काम' असं मधोमध लिहिलेलं आधार कर्जाच्या अर्जाला लावणं अवघड आहे, आणि चोर सोपं सावज शोधतो. शिवाय पुढे कधी ती प्रत समोर आली तर कुठून गेली ते लगेच कळतं. आमच्याकडे टेबलावरच्या प्लॅस्टिकने ते काम अर्धवट केलं.

ई-आधारच्या पीडीएफबद्दल एक गोष्ट. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे त्याच्यासाठी तो पासवर्ड नव्हेच. "पासवर्ड आहे, पाठवायला हरकत नाही" असं समजू नका.

ओटीपी न येता खात्यातून पैसे गेले तर

हे आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठ्याने पैसे काढण्याच्या सोयीतून होतं. गावात बँकमित्राकडे जे यंत्र असतं तेच. त्यात ओटीपी लागत नाही, म्हणून मेसेज येतो तो पैसे गेल्यावरच. उपाय सोपा आहे आणि तो प्रवासाला निघण्याआधीच करायचा: आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आधारच्या साइटवर किंवा ॲपमध्ये दोन मिनिटांत होतं, आणि लागेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. घरातल्या ज्येष्ठांचं लॉक करण्याआधी एक विचारून घ्या: पेन्शनचा हयातीचा दाखला किंवा रेशन अंगठ्यावर मिळतं का. मिळत असेल तर त्या दिवशी उघडावं लागेल, नाहीतर बिचारे रांगेत उभे राहून परत येतील. आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची सहा महिन्यांपर्यंतची नोंदही तिथेच दिसते. काही अडलं तर १९४७ वर फोन करा.

नावावर अनोळखी सिम निघालं तर

संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथेच 'हा माझा नंबर नाही' अशी नोंद करता येते. कागदी झेरॉक्सवर सिम देणं १ जानेवारी २०२४ पासून बंद झालं, त्यामुळे सिमची गळती आता लॉजवर होत नाही. ती सिम विकत घेताना होते. यात्रेच्या गावी रेंज नाही म्हणून रस्त्यावरच्या छत्रीखालच्या टेबलावरून नवं सिम घेतलं जातं. विक्रेता म्हणतो, "अंगठा उमटला नाही काका, परत ठेवा." दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघतं आणि ते पुढे कुणालातरी विकलं जातं. त्यातून गुन्हा घडला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात. प्रवासात सिम घ्यायचंच असेल तर कंपनीच्या दुकानातून घ्या, आणि घरी आल्यावर संचार साथीवर आकडा मोजा.

प्रवासात फोन गेला तर, क्रम महत्त्वाचा

लोकलच्या दारात उभं असताना फटका मारून फोन पाडतात, जत्रेत खिशातून जातो, रिक्षात राहतो. पहिला तास आपण काय करतो? दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःच्या नंबरवर रिंग देत राहतो. तो तास चोराला हवा असतो. माझा क्रम असा आहे.

पहिलं सिम बंद. सिम चालू तोवर ओटीपी चोराकडे जातात. दुसरं बँक: कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तीनही थांबवा, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोशीस तुम्हाला लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित लागते. स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी आधी कळवा. तिसरं, गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून फोन दुरून लॉक करा. चौथं पोलीस तक्रार. चोरी रत्नागिरीला झाली आणि तुम्ही पुण्यात पोचलात, तरी पुण्यात झिरो एफआयआर होतो, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ते स्पष्ट आहे. रेल्वेगाडीत चोरी झाली तर १३९ वर कळवा.

शेवटी त्याच नंबरचं नवं सिम घेऊन संचार साथीवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. नवं सिम चालू झाल्यावर साधारण २४ तास एसएमएस येत नाहीत, त्यामुळे या अर्जाचा ओटीपी लगेच आला नाही तर घाबरू नका. आयएमईआय क्रमांक खोक्यावर आणि बिलावर असतो. फोन हातात असताना *#०६# दाबूनही मिळतो. आजच कागदावर लिहून ठेवा.

निघण्याआधी करायच्या तीन गोष्टी यापेक्षा महत्त्वाच्या आहेत. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर फोन न उघडताही ओटीपी वाचता येतो. सिमला पिन लावा, म्हणजे सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालत नाही. मात्र कंपनीकडून मूळ पिन विचारून मगच बदला, कारण तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड, मागतो. आणि फोनबुक तपासा. आपल्याकडच्या कितीतरी वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये एटीएमचा पिन 'शिंदे बँक' किंवा 'एटीएम काका' अशा नावाने नंबर म्हणून ठेवलेला असतो. चोरालाही ही पद्धत माहीत आहे. बँकेचा हेल्पलाइन नंबर आणि घरच्या एका माणसाचा नंबर पाकिटात कागदावर ठेवा; फोन गेल्यावर फोनमधले नंबर उपयोगाचे नसतात.

बुकिंग आणि परताव्याचे फोन

गूगलवर हॉटेलचा नंबर शोधला, फोन केला, समोरचा गोड बोलला, ॲडव्हान्स घेतला, "कन्फर्मेशनसाठी" आधार मागितलं. गावात पोचल्यावर हॉटेल म्हणतं, तुमच्या नावाने काहीच नाही. नकाशावरची माहिती कुणीही बदल सुचवून बदलू शकतं. २०१८ मध्ये बँकेचे नंबर असे बदलल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने यात्रेकरूंसाठी खास इशारा काढला. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरच होतं, बाकी सगळं खोटं. शिर्डीला संस्थानाची साइट साई डॉट ओआरजी डॉट इन. जाहिरात म्हणून वर आलेल्या लिंकवर जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. यात पैसे जातात ते दिसतं म्हणून लोक १९३० वर कळवतात. त्याच वेळी दिलेलं आधार गेलं, हे विसरतात. अशा प्रसंगानंतर तीन महिने क्रेडिट रिपोर्टवर लक्ष ठेवा.

तिकिटाची तक्रार सोशल मीडियावर करताना पीएनआर आणि मोबाइल नंबर टाकू नका. अर्ध्या तासात "रिफंड देतो, हे ॲप घ्या" असा फोन येतो. रेल्वेचा परतावा आपोआप त्याच खात्यात येतो, त्यासाठी कुणी माणूस फोन करत नाही.

बोर्डिंग पासचा फोटोही तसाच. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर पासचा फोटो टाकला. त्यावरच्या बुकिंग क्रमांकावरून एका तरुणाने विमान कंपनीच्या साइटवर जाऊन त्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर मिळवला, आणि तो भला असल्याने त्यांना कळवलं. कागदी पास विमानतळावरच्या खुर्चीत सोडू नका, घरी आणून फाडा.

सार्वजनिक वायफाय आणि चार्जिंगच्या सॉकेटबद्दल मला फार विचारतात. आपला चार्जर भिंतीच्या प्लगला लावा, बँकेचं काम स्वतःच्या मोबाइल डेटावर करा, एवढं पुरे. मी पाहिलेल्या एकाही प्रकरणात गळती तिथून झाली नव्हती.

मोठ्या कंपन्यांकडूनही माहिती फुटते, हे खरं. २०२१ मध्ये एअर इंडियाने ४५ लाख प्रवाशांची माहिती गेल्याचं सांगितलं, त्यात पासपोर्टचा तपशील होता. त्याला आपण काही करू शकत नाही. पासवर्ड बदलणं आणि अनोळखी फोनला आपलं नाव-जन्मतारीख माहीत आहे म्हणून विश्वास न ठेवणं, एवढंच हातात आहे.

जुने फोटो

व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी मेसेज पुसायची मुदत दोन दिवसांहून थोडी जास्त असते. आमच्या ग्रुपमधले फोटो त्याच्या खूप आधीचे होते, त्यामुळे प्रत्येकाच्या फोनमधून वेगळे काढावे लागले. चॅटमधून काढले तरी गॅलरीत राहतात, गॅलरीतून काढले तरी गूगल फोटोजच्या बॅकअपमध्ये राहतात, आणि तिथून काढले तरी कचरापेटीत काही आठवडे असतात. गूगल फोटोजमध्ये 'आधार' असं शोधलं तर कार्डांचे बहुतेक फोटो एका जागी सापडतात. आमच्या मावशीच्या फोनमध्ये त्या शोधात एकवीस कार्डं निघाली.

मुक्कामाच्या मॅनेजरला, मिनीबसवाल्याला आणि स्कूबावाल्याला मी फोन करून ते फोटो पुसायला सांगितले. दोघांनी लगेच पुसून स्क्रीनशॉट पाठवला. तिसऱ्याने फोन उचलला नाही. मामांचं कर्ज ऑगस्टमध्ये रिपोर्टमधून निघालं. ते आता दर जानेवारीत चारही रिपोर्ट काढतात आणि छापून फाइलला लावतात. दिवाळीला आम्ही सगळे पन्हाळ्याला जातो आहोत, आणि ग्रुपवर मी फक्त नाव आणि वय मागितलं आहे.